एक खून माफ

तार सप्तकातला गांधार मला गेल्या पावसाळ्यापासून फसवतोय, असं मी सांगत असतो. दोन लाईनची पेटी, दोन्ही स्वर एकदम वाजवायचे, लहर उरते का ते ऐकायचं. खर्जात ऐकू येते, मध्यातही. वर गेलं की सगळं शांत. ती शांतता पेटीची नाही, माझ्या कानांची.

वांगणी स्टेशनाजवळ बसून पेट्या लावायच्या म्हणजे दोन लोकलच्या मधल्या फटीत लावायच्या. माझ्याकडचा पोरगा गाडीत गाऊन पोट भरतो. त्याला दिसत नाही. इथे अशी पुष्कळ घरं आहेत. चार वर्षं मी त्याला भाता आणि चामडं, एवढंच दिलं. ‘कानस घेतलीस तर बोट कापशील.’ खरं कारण वेगळं. पहिल्याच आठवड्यात, गिऱ्हाईक समोर असताना, तो म्हणाला होता, ‘काका, वरचा ग लहरतोय.’

दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’त (1967) कट्यारीला एक खून माफ असतो. माझ्या कानशीने किती केले, हिशेब नाही. टोकाशी जास्त खरवडलं, मग मुळाशी, पुन्हा टोकाशी. पितळी जीभ पातळ होते आणि भर भजनात तुटते. ‘भाता जोरात मारला असेल,’ असं सांगून मी मोकळा.

हल्ली फोनवरचा काटा बघून पेटी लावणारे झालेत. मी त्यांना कारकून म्हणायचो. कानाला गोड लागणारा गांधार काट्यापेक्षा 14 सेंट खाली असतो, हे त्यांच्या गावीही नाही. 1940 मध्ये रेडिओने पेटीला दार बंद केलं तेव्हाही तक्रार होती ती तिच्या ठोकून बसवलेल्या सुरांचीच.

परवा मीच फोन काढला. पोराला दिसत नाही, याचा फायदा घेतला. एक लाईन बंद केली, मोजली, मग दुसरी.

‘काका, काटा काय म्हणतो?’

कानावर लावणारा लाईन अशी सुटी करून ताटकळत नाही, हे त्याला मीच कधीतरी ऐटीत सांगितलं होतं.

‘बरोबर आहे म्हणतो.’

‘लहरतंय अजून.’

कानस त्याच्या हातात दिली. त्याने अंगठ्याने जिभेचं टोक चाचपलं, आणि नेमकी कर्जत लोकल आली. ती शेलूकडे निघून जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो.