आज एकच खाते

लातूरच्या बाजारातील त्या डाळीच्या पेढीचे शटर रोज वेळेवर उघडत असे. परंतु धाकटे शेठ गादीवर येत नसत. एका परिचित व्यापाऱ्यास त्यांनी विश्वासाने तूरडाळ उधारीवर दिली होती. तो बुडाला आणि यांची रक्कम अडकली. पेढी बुडावी एवढी ती मोठी नव्हती. बुडत होते ते मन. ‘तुला व्यवहार कळत नाही. वडिलांनी जमवलेली पत तू घालवलीस,’ असे त्यांना कोणीही म्हटले नव्हते. बोलणारे तेच आणि ऐकणारेही तेच. वडिलांना नेमका आकडा सांगण्याचे धैर्य मात्र त्यांना होत नव्हते.

घरच्यांनी पुष्कळ समजूत घातली. पण त्या आतल्या आवाजापाशी प्रत्येक शब्दाला उत्तर तयार असे.

एके दिवशी जुने मुनीमजी घरी आले. त्यांनी उपदेश केला नाही. खतावणी पुढ्यात ठेवून ते एवढेच म्हणाले, “धाकटे शेठ, सगळी येणी आज पाहायची नाहीत. एकच खाते पाहू.” खाते एका किरकोळ दुकानदाराचे होते. शेठनी फोन केला. “रक्कम काढून ठेवली आहे, माणूस पाठवा,” असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशीच्या माणसाने फोन घेतला नाही, तिसऱ्याने हुज्जत घातली. तरीही आठवडा सरला तेव्हा सात खात्यांचा हिशेब जुळला होता. ‘तुला काहीच जमत नाही’ हा आवाज थांबला नव्हता. पण त्याच्यासमोर आता सात नोंदी उभ्या होत्या.

मानसशास्त्राने या अनुभवाची कारणमीमांसा केली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी 1970च्या दशकात दाखवून दिले की, मन खचले की माणूस कामे सोडतो. कामे सुटली की समाधानाचे प्रसंग आटतात आणि मन अधिकच खचते. म्हणून उत्साह येण्याची वाट न पाहता लहानसे, ठरलेले काम आधी करावे. उत्साह मागून येतो. उदासी दीर्घकाळ टिकल्यास मात्र तज्ज्ञांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिले आर्तध्यान. प्रिय वस्तू गेली, अप्रिय पदरी आले, याच विचारात मन घोळवत राहणे, हे त्याचे रूप. याउलट प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे, दोषापासून योग्य स्थानी परतणे. आणि परतण्यासाठी पाऊल उचलावेच लागते.

आठव्या दिवशी शेठनी बुडालेल्या व्यापाऱ्याचे खाते उघडले व ते वडिलांसमोर नेऊन ठेवले. वडिलांनी आकडा पाहिला. “हा मला ठाऊक होता,” ते शांतपणे म्हणाले. “तू गादीवर कधी येतोस, याची वाट पाहत होतो.”

त्याच दुपारी पितापुत्रांनी मिळून प्रत्येक ग्राहकाच्या उधारीची मर्यादा ठरवली. खतावणीच्या पहिल्या पानावर ती धाकट्या शेठच्या अक्षरात लिहिलेली आहे.