पेव्हर ब्लॉकवरची कोंबडी

बोरिवलीच्या वझिरा गावठाणात आता मोजक्याच घरांमागे खुराडं दिसतं. आमच्या आत्याच्या घरामागे ते आहे. अंगण तेच आहे, फक्त तिथली माती जाऊन पेव्हर ब्लॉक आलेत. गणपतीच्या सुमारास तिची एखादी तरी कोंबडी लंगडायला लागते. एक पाय पोटाशी धरून उभी राहते, दाणे टाकले की सगळ्यांच्या मागून येते. उचलून पाहिलं तर तळव्याच्या मधोमध काळी टणक खपली आणि भोवती गरम सूज. आत्या म्हणते, "कुरूप आलंय गं तिला." पशुवैद्य याला बंबलफूट म्हणतात.

आजार साधा दिसतो आणि म्हणूनच फसवतो. तळव्याच्या कातडीला बारीकशी चीर पडते किंवा ती घासून पातळ होते. तिथून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. आपल्या नाकात, कातडीवरही राहणारा. माणसाला गळू झालं की ते पिकतं, फुटतं, पू वाहून जातो. कोंबडीच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी विकरं पुरेशी नसतात. त्यामुळे तिच्या पायात पू साचतो तो ओल्या खोबऱ्याच्या वडीसारखा घट्ट होऊन बसतो. वरची खपली निघाली, सूज उतरली, कोंबडी चालू लागली, तरी आतली गाठ तशीच राहिलेली असू शकते. रक्तातून आलेलं औषधही त्या गाठीच्या गाभ्यापर्यंत नीट पोचत नाही. जंतू स्नायुबंधात किंवा हाडात उतरला की मग दुखणं आटोक्यात आणणं पशुवैद्यालाही जड जातं.

त्यात कोंबडीला भार टेकायला पायांशिवाय दुसरं काही नाही. गाय बसून रवंथ करते, कुत्रा आडवा होतो. कोंबडी दिवसभर चालते, उकरते आणि रात्री दांड्यावर बसून झोपते ती पायांच्याच भरवशावर. एक पाय दुखला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि काही दिवसांनी तोही सुजतो. शिकारी बहिरी ससाणे पाळणाऱ्यांना हा आजार शतकानुशतकं ठाऊक आहे. प्राणिसंग्रहालयांतल्या पेंग्विनांनाही तो होतो. समुद्रात पोहायचं सोडून ते कडक जमिनीवर तासन् तास उभे राहतात म्हणून. पक्षी वेगवेगळे, पण त्यांच्या पायाखालची जमीन आपण निवडलेली.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," असं आत्या दर वेळी म्हणते. मला ते अर्धंच खरं वाटतं. तेव्हा पायाखाली माती होती, उकिरडा होता, तलंगा दिवसभर उकरत फिरायच्या, हे खरं. पण तेव्हा लंगडी कोंबडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकायचीच नाही. ती रविवारच्या रश्श्यात जायची. आजार पुन्हा उलटायचा तर कोंबडी जिवंत असावी लागते. आज आत्या तिला कापत नाही, कारण ती अंडी देते आणि त्याहून मोठं कारण म्हणजे तिला नाव ठेवलेलं आहे. नाव ठेवलं की जबाबदारी येते. रिक्षाचं भाडं आणि डॉक्टरांची फी कोंबडीच्या किमतीच्या वर जाते, हे आत्यालाही कळतं. हिशेब तिथे संपतो आणि पाळणं सुरू होतं.

पण पाळणं म्हणजे दर वर्षी नवं बँडेज नव्हे; दुखणं येतं कुठून तेही पाहायला हवं. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. एवढ्या पाण्यात खुराड्यातला भुसा चार दिवसांत ओला होतो, विष्ठा कुजते, तळवे भिजून मऊ पडतात. बाहेर खरबरीत ब्लॉक, आत लोखंडी जाळी, बसायला कुठल्याशा बांधकामातून उरलेली चौकोनी धारेची पट्टी. त्यातच वनराजा, गिरिराजसारख्या सुधारित जातींचे पक्षी गावठी कोंबडीपेक्षा अंगाने भारी. पाण्याच्या टाकीवरून उडी मारली की तो सगळा भार तळव्यावर. उरलेला पोळी-भात घालून आपण त्यांना आणखी जड करतो. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडलं तर कातडीही कमजोर होते.

मग करायचं काय? नुकती सूज असेल तर कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं एप्सम मीठ, घालून पाय दहा-पंधरा मिनिटं भिजवावा, पुसून कोरडा करावा, पोव्हिडोन आयोडीन लावावं, गॉज ठेवून सैलसर पट्टी बांधावी आणि ती ओली होऊ देऊ नये. हातात मोजे घालावेत, कारण हा जंतू आपल्यालाही चिकटतो. गाठ खोल असेल तर घरी ब्लेड चालवू नये; भूल देऊन, स्वच्छ हत्यारांनी ते काम पशुवैद्यच करू शकतो. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. म्हणजे कोंबडीबद्दल विचारायला या शहरात ठिकाणं नाहीत असं नाही; विचारण्याची सवय नाही.

सवय आहे ती माणसांच्या दुकानातून अँटिबायोटिकची गोळी आणून पाण्यात विरघळवण्याची. दोन दिवस दिली, बरं वाटलं, बंद केली. जगतात ते अशा अर्धवट मात्रेला पुरून उरलेले जंतू. औषधाचा अंश अंड्यातही उतरतो, म्हणून ठरावीक दिवस ती अंडी खायची नसतात. आत्याच्या शेजारच्या पोराला उकडलेलं अंडं देताना हे कुणाच्या लक्षात राहतं? कोंबड्या-जनावरांत बेसुमार वापरलं जाणारं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी बंद केलं ते याच भीतीपोटी: माणसासाठी राखून ठेवलेलं शेवटच्या फळीतलं औषध निकामी होऊ नये म्हणून.

तोच आजार त्याच घरात पुन्हा पुन्हा येत असेल तर तो त्या घराच्या रचनेत आहे, असं मी आता मानते. आत्याकडे या वर्षी धारेची पट्टी काढून गोल, गुळगुळीत लाकडी दांडा लावला, तोही गुडघ्याच्या खालीच. अंगणाच्या एका कोपऱ्यातले ब्लॉक उचलून तिथे माती आणि राख टाकली, वर पत्रा घातला. खर्च डॉक्टरांच्या एका फेरीहून कमी आला. औषध कोणतं आणि किती, हे पशुवैद्याला विचारूनच ठरवा. पण ओला भुसा बदलायला, जाळीवर फळी टाकायला आणि दांडा खाली आणायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. ते आजच करा.