गुडघ्यातील क्रूस

मानवी देहातील सर्वांत मोठा सांधा म्हणजे गुडघा. मांडीच्या हाडाची दोन गोलाकार टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. अशा घडणीला स्थैर्य येते ते प्रामुख्याने अस्थिबंधांमुळे. दोन्ही अंगांना एकेक आणि सांध्याच्या गाभ्यात एकमेकांना छेदणारे दोन. या आतल्या जोडीचे नाव लॅटिनमधील ‘क्रुक्स’, अर्थात क्रूस, या शब्दावरून आले आहे. सेमिनरीत या शब्दाची रूपे घोकताना तो गुडघ्यातही भेटेल, असे कधी वाटले नव्हते.

आमच्या धर्मग्रामातील एका कबड्डीपटू तरुणाचा पुढचा क्रूसबंध तुटला. त्याच्या आईने विचारले, “फादर, तुटलंय तेच शिवत का नाहीत? दुसरीकडची शीर कापून कशाला घालायची?”

प्रश्न रास्त होता. गुडघ्याच्या आतील अंगाचा बंध तुटला, तर भोवती रक्त साकळते आणि त्या आधाराने तो बहुधा आपोआप सांधतो. क्रूसबंध मात्र सांध्यातील वंगणद्रवाने वेढलेला. तेथे दोन तुटक्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकतच नाही. 1895 साली इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी टाके घालून हे बंध जोडले होते. परंतु 1976 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी लष्करी छात्रांच्या पाहणीत, असे शिवलेले बहुतेक गुडघे पाच वर्षांत पुन्हा अस्थिर झालेले आढळले. म्हणून आज काही निवडक रुग्ण वगळता, गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा मांडीमागचा कंडरा घेऊन नवा बंध रोवतात.

तोही कोठेही रोवून चालत नाही. सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या मूळ बंधात दोन पदर असतात: एक गुडघा वाकवताना ताणला जातो, दुसरा सरळ करताना. हाडातील छिद्र काही मिलिमीटर सरकले, तरी नवा बंध एका स्थितीत आवळतो, दुसऱ्या स्थितीत सैल पडतो. म्हणूनच शल्यविशारद जुन्या बंधाची हाडावरील खूण आधी शोधतो.

चौथ्या महिन्यात दुखणे थांबले आणि तो तरुण निवडचाचणीला निघाला. रोवलेला कंडरा आरंभी निर्जीव असतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या व पेशी शिरेपर्यंत तो उलट दुर्बळ होतो. मैदानावर परतायला निदान नऊ महिने लागतात. हे त्याला मी समजावले. “म्हणजे हे वर्ष गेलंच,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. चाचणीला तो गेला नाही.