जनुकांचा शेजार

सहवासाने कार्य सुलभ होते, हे आम्ही घरीच शिकतो. मोहरी, जिरे व हळद ही मिसळणाच्या एकाच डब्यात असतात. कारण फोडणीच्या वेळी ती एकदमच लागतात. डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवाणूंतही हाच न्याय चालतो, हे कळले तेव्हा आम्हां विद्यार्थ्यांस मोठे नवल वाटले.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूची जनुके एका वर्तुळाकार डीएनएवर मांडलेली असतात. १९९७ साली त्यांचे संपूर्ण वाचन प्रसिद्ध झाले. सुमारे ४६ लक्ष अक्षरे आणि ४,००० हून अधिक जनुके! त्यांत दुधातील साखरेच्या कामाशी निगडित अशी तीन जनुके ओळीने बसली आहेत. तिघांना मिळून एकच कळ. साखर मिळाली की तिन्ही जागी होतात, संपली की तिन्ही निजतात. जाकोब व मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली हा उलगडा केला, आणि अशा जनुकसमूहास 'ओपेरॉन' हे नाव रूढ झाले.

ही रांग अढळ मात्र नव्हे. युगानुयुगे डीएनएचे तुकडे उलटतात, जागा बदलतात, गळून पडतात. परक्या जीवाणूंकडून नवे तुकडेही येतात. या उलथापालथीत ज्यांचे कार्य एक, त्यांचा शेजार बहुधा टिकतो, इतरांचा मोडतो.

आणि कार्यच उरले नाही तर? कुष्ठरोगाचा जीवाणू याचे उत्तर देतो. तामिळनाडूतील एका रुग्णापासून मिळालेल्या या जीवाणूचा जनुकसंच २००१ साली वाचला गेला. त्यात कार्यक्षम जनुके सुमारे १,६००, तर निकामी झालेली सुमारे १,१००! क्षयाच्या जीवाणूशी ताडून पाहता, अनेक मृत जनुके आपल्या जुन्या शेजाऱ्यांमध्येच पडलेली आढळतात. ओसाड घरे जशी नांदत्या आळीत उभी असावीत तशी. मनुष्यादी प्राण्यांच्या देहात आयता आश्रय मिळाल्याने हा जीवाणू इतका परावलंबी झाला, की प्रयोगशाळेतील पोषकद्रव्यावर तो वाढतच नाही.

आमच्या बालाघाटाहून वैनगंगा विदर्भात उतरते. त्याच विदर्भात, वरोड्याजवळ, बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन वसविले. कारण समाजाने त्यांचा शेजार तोडला होता. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या संयुक्त औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. वाचकहो, जीवाणू औषधाने मरतो. परंतु मनुष्याचा तुटलेला शेजार कोणत्याही गोळीने जुळत नाही. तो आपणच जुळवावयास हवा.