केळीतून गेले ते जनावर कोणते?

वीज रात्रीची असली की केळीला पाणीही रात्रीच भरावे लागते. पाणी भरणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते : काल बागेतून गेले ते जनावर कोणते? कोल्हा असेल तर तो एकटा बॅटरी घेऊन निघतो. बिबट्या असेल तर सोबतीला माणूस घेतो. वाघ म्हटला, की बारे तसेच राहते आणि बाग सुकते.

आम्हा मुक्ताईनगर तालुक्यातल्या लोकांना हे सांगायला नको. वढोदा-डोलारखेड्याकडचा पट्टेदार वाघ पूर्णाकाठच्या केळीत येऊन बसल्याच्या नोंदी आहेत. त्याचे तरी काय चुकले? उन्हाळ्यात केळीसारखा गारवा रानात कुठे मिळणार! आणि 2017 साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा ऐन वेचणीत कापसाच्या शेतात जायची धास्ती बसली होती. अशा दिवसांत कुत्रे भुंकले तरी बिबट्याच आला असे वाटते.

रानवाटेला झाडाच्या बुंध्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेली कॅमेऱ्याची पेटी तुम्ही पाहिली असेल. समोर ऊब हलली की ती आपोआप फोटो काढते. पण आपल्या खान्देशात वैशाखात दगडदेखील तापतो. तापलेले पान वाऱ्याने हलले, तरी पेटीला जनावर आल्यासारखे वाटते. म्हणून फोटोंत निम्मीअधिक पानेच. मग आपली गुरे, शेळ्या, आणि डोक्यावर भारा घेतलेल्या आपण. हे सगळे एकेक करून बघायचे कोणी? मी एकदा एका वनमजुराशेजारी बसून बघितले. तासाभरात डोळ्यांना पाणी आले.

2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले 3 कोटी 48 लाखांवर; त्यांत वाघाचे 76,651 आणि बिबट्याचे 51,777. हिशेब करा, हजार फोटोंमागे वाघाचे जेमतेम दोन! ही रास माणसांनी निवडायची म्हणजे धान्याच्या कणगीतून मोहरी वेचण्यासारखे. म्हणून संगणकाला कामाला लावले. तो जनावराप्रमाणे फोटो वेगळे करतो. दुसरी एक आज्ञावली वाघाचे पट्टे जुळवते, कारण आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. डाव्या कुशीचे उजवीशी जुळत नाहीत, म्हणून कॅमेरे समोरासमोर दोन लावतात. 2021 मध्ये चाळीसगावला लागून असलेल्या गौताळ्यात वाघ दिसला. तो यवतमाळकडच्या टिपेश्वरचा, हे पट्ट्यांवरूनच कळले.

संगणकाला हे शिकवतात कसे, तर लहान पोराला शिकवावे तसे : हा रोही, हा रानडुक्कर, असे माणसांनी नावे घातलेले हजारो फोटो दाखवून. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या रानातले 32 लाख फोटो असेच उपयोगी पडले. त्यांना नावे हौशी लोकांनी घातली होती. पण आफ्रिकेतल्या फोटोंवर शिकलेले यंत्र आपल्या रोह्याला काय म्हणेल, कोण जाणे! शिवाय जे जनावर क्वचित दिसते, त्याचे फोटो थोडे, आणि यंत्र नेमके तिथेच अडखळते. आपल्याला तर तेच कळायला हवे असते.

म्हणून माझे मत असे, की पाने आणि गुरे यंत्राने बाजूला काढावीत, त्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. उरलेले फोटो गावाजवळच्या जाणत्याने पाहावेत, आणि जनावराचे नाव त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. मेलेले वासरू कुत्र्यांनी फाडले की बिबट्याने, यावर भरपाईही ठरते. महिन्याने कळून काय उपयोग?

त्या वनमजुराच्या संगणकाने आमच्या वस्तीवरच्या पट्टेरी कुत्र्याला तरस ठरवले होते. तो हसला, आणि नाव दुरुस्त करून पुढचा फोटो उघडला.