बरणीतली हायड्रिला

आमच्या वर्गात काचेच्या बरणीत चार गप्पी मासे आहेत. उन्हाळ्यात हापशावर रांग लागते. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. मग बरणीचं पाणी रोज कोण बदलणार? गुरुजी म्हणाले, "पाण्यात वनस्पती ठेवा, पाणी लवकर खराब होत नाही." पण बरणी कोपऱ्यात, तिथं ऊन येत नाही. काही मुलं म्हणाली, जलपर्णी आणू, नदीत लई आहे. पण तिला ऊन पाहिजे, अन् ती सगळं पाणी झाकून टाकते. मग मामांनी तळ्यातून हायड्रिला आणली. ती पाण्याखाली राहते, थोड्या उजेडावर जगते. नुसती काडी सोडली तरी वाढते. परवा एका मादीला पिल्लं झाली. मोठे मासे पिल्लं खातात, म्हणून ती हायड्रिलात लपतात. आज मी अकरा मोजली.