मातीचे शहाण्णव मावळे

दिव्यांचा सण साऱ्या भारताचा. परंतु दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला बांधण्याची हौस मात्र खास महाराष्ट्राची. सहामाही परीक्षा संपली की मुले दगड, विटा, फुटकी मडकी आणि जुनी गोणपाटे गोळा करतात. त्यांवर चिखल लिंपून डोंगर उभा करतात. डोंगरावर तट, बुरूज, दरवाजा, तळे अशी रचना होते. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत हिरवळ वर येते. मग कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे जागोजाग पहाऱ्याला उभे राहतात आणि सर्वांत उंच जागी शिवाजी महाराज सिंहासनावर विराजमान होतात. महाराष्ट्राबाहेर बिऱ्हाड करणारी माणसे सणावारांची बरीच सामग्री मागे ठेवून येतात. पण ही हौस त्यांच्या सामानात कोठेतरी दडून बरोबर आलेली असते.

आमचे बिऱ्हाड फरीदाबादेस आहे. यजमान येथील एका कारखान्यात नोकरीस, आणि मी मेट्रोने रोज दिल्लीला जाऊन अनुवाद व संपादन करणारी. घरात मराठी बोलणारे आम्ही चौघे. उंबरठ्याबाहेर सारा व्यवहार हिंदीत. आमचा मुलगा अकरा वर्षांचा. त्याला मराठी कळते, पण आजीने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तो अलीकडे हिंदीत उत्तर देऊ लागला होता. सासूबाई काही बोलत नसत. मात्र पूर्वी त्या त्याला तीन प्रश्न विचारीत, तेथे आता एकच विचारू लागल्या होत्या. भाषेवर पोट भरणाऱ्या बाईच्या घरात भाषा अशी पावलापावलाने मागे सरत असलेली पाहणे सुखाचे नव्हते. रागावून मूल एखादी भाषा बोलत नाही, हेही मला ठाऊक होते.

२०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून बारावा जिंजी तमिळनाडूत आहे. त्या आनंदात आमच्या भागातील मराठी कुटुंबांनी दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा ठरविली. अट एकच : किल्ला या बारांपैकीच असावा. परीक्षक धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरोघरी येणार होते.

आम्ही राजगड निवडला. मधोमध बालेकिल्ला आणि त्याच्या तीन अंगांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, अशी त्याची रचना मुलाला नकाशात पाहताच आवडली. रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी येथे दोन तपांहून अधिक काळ होती, हे सासूबाईंनी त्याला सांगितले. माहेरच्या साताऱ्याच्या वाड्यात त्यांचे भाऊ दरवर्षी किल्ला करीत आणि बहिणींच्या वाट्याला फक्त माती व पाणी वाहण्याचे काम येई. बहात्तराव्या वर्षी प्रथमच त्यांच्या हाती किल्ल्याचा कारभार येत होता.

डोंगर व्हरांड्यात चार दिवसांत उभा राहिला. खरा प्रश्न सैन्याचा होता. पुण्याच्या कुंभारवाड्यातून माझ्या भावाने शहाण्णव मावळे भुशात बांधून पाठविले होते. प्रत्येक मावळा बोटभर उंचीचा, भाजलेल्या मातीचा, पण बिनरंगी. रंगविलेले मावळे प्रवासात खरचटतात, शिवाय रंगविण्यातच खरी मौज, असे त्याचे म्हणणे. पेटी उघडली तेव्हा नऊ जणांच्या तलवारी मोडलेल्या होत्या. धनत्रयोदशीला त्या वेळी बरोबर आठ संध्याकाळी उरल्या होत्या.

मी कागदावर हिशेब मांडला. एका मावळ्याला सात वेळा हात लावावा लागतो : आधी पांढऱ्याचा पहिला लेप, मग चेहरा व हातपाय, अंगरखा, पागोटे, कमरेचा शेला, ढाल-तलवार, आणि शेवटी मिशा व डोळे. प्रत्येकी दहा मिनिटे धरली तरी सोळा तास. रोज रात्रीचे दोन तास मिळाले, तर काम अगदी वेळेवर पुरे होणार. एक घटकाही शिल्लक राहणार नाही. छपाईच्या तारखांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना असा हिशेब पाहताच धडकी भरते.

माझा एक भाचा इंग्लंडात शिकतो. तेथे, आणि आता जगभर, हा प्रौढांचाही छंद आहे. छोट्या सैन्यांनी मेजावर युद्ध खेळण्याची पद्धत प्रशियाच्या लष्करात १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी रूढ झाली. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. १९८३ मध्ये इंग्लंडातून ‘वॉरहॅमर’ हा खेळ निघाला. त्याचे शिपाई बिनरंगी विकले जातात. खेळणाऱ्याने ते स्वतः रंगवावयाचे, आणि अनेक सामन्यांत रंगविलेल्या सैन्याला वेगळे गुणही असतात. त्यामुळे सामन्याच्या आदल्या रात्री जागून ब्रश चालविणारी माणसे तिकडे पुष्कळ. भाचा त्यांतलाच. त्याने फोनवर सांगितले, “मावशी, एकेक शिपाई पुरा करीत बसू नका. एकेक रंग पुरा करा. सगळ्यांचे अंगरखे एकदम, मग सगळ्यांची पागोटी. निम्मा वेळ वाचेल.”

सल्ला शहाणपणाचा होता. पण त्यात एक धोका दडलेला होता. एकेक रंग घेऊन चालले आणि वेळ मध्येच संपला, तर शहाण्णवच्या शहाण्णव मावळे अर्धवट राहतात; कोणालाच डोळे नाहीत. उलट एकेक मावळा घेतला, तर वेळ अधिक लागतो, पण जेवढे झाले तेवढे तरी संपूर्ण असतात. आम्ही मधला मार्ग काढला. बारा-बारांच्या आठ तुकड्या पाडल्या. एका संध्याकाळी एक तुकडी, आणि तुकडीच्या आत भाच्याची पद्धत. मोडक्या तलवारींचे नऊ जण शेवटच्या तुकडीत ठेवले. सवड मिळालीच तर सुईच्या तुकड्यांच्या तलवारी लावू, असा बेत होता.

आणि मग आमच्या जेवणाच्या मेजावर रोज रात्री एक लहानसा कारखाना सुरू झाला. लाकडी पट्टीवर डिंकाने बारा मावळे उभे केलेले. पांढरा हात यजमानांचा, कारण त्याला फक्त चिकाटी लागते. अंगरखे माझ्याकडे. पागोटी आणि शेले मुलाकडे; त्याच्या मदतीला वरच्या मजल्यावरचा त्याचा मित्र येई. डोळे मात्र सासूबाईंचे. चष्म्यावर भिंग धरून, सर्वांत बारीक ब्रशाचे टोक ओठांनी टोकदार करून, त्या एका दमात दोन ठिपके देत. “डोळे उघडेपर्यंत ती माती,” त्या म्हणत, “मग तो आपल्याकडे बघू लागतो.”

मेजावर हात गुंतलेले असले की तोंडे मोकळी होतात. वस्तू हवी असेल तर तिचे नाव घ्यावेच लागते. पागोटे, शेला, माची, तटबंदी, चोरदरवाजा, जंग्या हे शब्द मुलाला कोणी शिकविले नाहीत. कामाच्या ओघात ते त्याच्या तोंडी बसले. तटाला बंदुकीसाठी जी तिरपी भोके ठेवतात त्यांना जंग्या म्हणतात, हे त्याने मित्राला समजावून दिले. त्याला हिंदीत प्रतिशब्द सापडेना, म्हणून मित्रानेही ‘जंगी’ असेच म्हणण्यास प्रारंभ केला. शब्दकोश उशाशी घेऊन निजणाऱ्या मला हे पाहून गंमत वाटली.

एका रात्री मित्राने विचारले, “आंटी, मावळा मतलब सिपाही?” मी उत्तर देण्यापूर्वी थांबले. पुण्याच्या पश्चिमेकडील डोंगरदऱ्यांचा मुलूख तो मावळ. तेथे राहणारा तो मावळा. शब्दाच्या मुळाशी तलवार नाही. गाव आहे, भाताचे खाचर आहे. माणूस आधी मावळचा रहिवासी, आणि मग शिपाई. मी हे सांगितले तेव्हा त्याने हातातल्या मावळ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले.

सहा तुकड्यांसाठी आठ संध्याकाळी खर्ची पडल्या. एका रात्री अंकाची मुद्रिते तपासण्यासाठी मला कचेरीतच थांबावे लागले, आणि एका रात्री मुलाला ताप भरला. बहात्तर मावळे रंगून उभे राहिले. चोवीस तसेच विटकरी राहिले, आणि त्यांत ते नऊ बिनतलवारीचे. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार. मुलगा रडवेला झाला. त्याचे म्हणणे, रात्रभर जागून चोविसांना नुसता पांढरा आणि तांबडा रंग फासावा. लांबून कोणाला कळणार आहे? यजमानांचे मत, ते पेटीत परत ठेवावेत. सासूबाईंना दोन्ही पसंत नव्हते. “डोळ्यांवाचून पहाऱ्याला माणूस उभा करू नये,” त्या म्हणाल्या, “आणि एवढ्या लांबून आलेल्याला परतही पाठवू नये.”

तोडगा निघाला तो वरच्या मजल्यावरच्या मुलाकडून. त्याचे घराणे मूळचे बन्नूचे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी १९४९-५० च्या सुमारास फरीदाबादेचे नवे शहर वसू लागले, तेव्हा ते काम केवळ ठेकेदारांवर सोपविलेले नव्हते. सहकारी संस्था काढून निर्वासितांनी स्वतः पाया खणला, विटा वाहिल्या, भिंती उभ्या केल्या. त्या मुलाच्या पणजोबांनी त्यांत घमेली उचलली होती, आणि ती हकीकत त्या घरात अजून सांगितली जाते. त्याने चोवीस विटकरी मावळ्यांकडे पाहिले आणि म्हणाला, “ये लोग तो मिट्टी में सने हुए हैं. ये दीवार बना रहे हैं.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग सर्वांचेच हात चालू लागले. संजीवनी माचीचा तट एका ठिकाणी आम्ही मुद्दाम अपुरा ठेवला. ज्यांच्या तलवारी मोडल्या होत्या, त्यांच्या उगारलेल्या मुठींवर फराळातल्या पिस्त्यांची टरफले चिकटविली. ती झाली घमेली. काही जण पाथरवट झाले, काही पद्मावती माचीच्या तळ्यावरून पाणी आणू लागले. चोविसांना रंग लागला नाही, पण सासूबाईंनी रात्री एक वाजेपर्यंत बसून प्रत्येकाला दोन डोळे मात्र दिले.

विचार केला तर यात इतिहासाला सोडून काही नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडांविषयी जे प्रकरण आहे, त्यात आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा, अशी आज्ञा आहे, लढाईइतकीच चिंता पाण्याची, झाडांची, डागडुजीची आहे. गड शिपायांनी राखला, परंतु त्यापूर्वी तो कोणीतरी डोक्यावर दगड वाहून उभा केला. त्या माणसांचे अंगरखे कोणत्या रंगाचे होते, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. मेजावरच्या युद्धात समोर दुसरे सैन्य लागतेच. त्याशिवाय खेळ होत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतो. तेथे पहारेकऱ्याशेजारी गवळण असते, विहिरीवर बाई असते, शेतात बैल असतात. म्हणूनच तेथे कामकऱ्यांना जागा सहज सापडली.

परीक्षक आले. अपुऱ्या तटापाशी थांबून त्यांनी विचारले, “येथील काम राहिले का?” माझा मुलगा पुढे झाला. “राहिलेले नाही, चालू आहे,” तो म्हणाला. आणि मग माची, चिलखती बुरूज, जंग्या, पाथरवट असे सारे त्याने सलग मराठीत सांगितले. एका ठिकाणी अडला तेव्हा मागून मित्रानेच त्याला शब्द पुरविला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्या संध्याकाळी नातवाला एकामागून एक किती प्रश्न विचारले, ते मी मोजले नाहीत.

पहिले बक्षीस सिंधुदुर्गाला गेले. एका कुटुंबाने तो मोठ्या घंगाळात पाण्याच्या मधोमध बांधला होता, आणि तो खरोखरच देखणा होता. आमच्या राजगडाला बक्षीस नव्हते. मुलगा दोन दिवस खट्टू राहिला, तिसऱ्या दिवशी पुढील वर्षी जिंजी करावयाचा असे ठरवून मोकळा झाला.

मुदतीच्या आत काम पुरे करणे हा सद्गुण खरा, आणि ज्या घरात तो नाही तेथे गैरसोयी फार. परंतु काही कामे अशी असतात की ती पुरी होण्यापेक्षा किती हातांनी मिळून केली, यावर त्यांचे मोल ठरते. मुलांच्या तोंडी आपली भाषा राहावी असे ज्यांना वाटते, त्यांनी उपदेशाऐवजी एखादे मातीने हात भरणारे काम घरात काढून पाहावे. काम थोडे मोठे असावे, वेळ थोडा अपुरा असावा, आणि शेजारच्या मुलाला त्यात मुक्तद्वार असावे.